आईच्या फणेरपेटीतलं मेण

माझ्या सख्ख्या भावानं मला फसवलं. आईची फणेरपेटी पोरीच्या लग्नापुरती मागून नेली, जशी आहे तशी आणून देतो असा शब्द दिला, आणि परत आलं ते नुसतं घासलेलं पितळ. आत जे होतं ते काढून टाकलं.

बोटाच्या पेराएवढ्या मेणासाठी भावाशी बोलणं सोडलं, असं लोक माझ्या माघारी म्हणतात. काही जण तोंडावरही म्हणतात. त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

येरमाळ्याला मोठ्या रस्त्यालगत माझं बायकांच्या सामानाचं दुकान आहे. बांगड्या, टिकल्या, पावडरी, नखांचे रंग, लिपस्टिका. सुरुवात भूमच्या आठवडी बाजारात पोतं अंथरून केली. कुणाचा टेकू नव्हता. आता सोलापूरचे ठोक व्यापारी माझा फोन वाजला की आधी पाणी पितात आणि मग उचलतात. मला फसवणं सोपं नाही. म्हणून तर हे जास्त लागलं.

मी स्वतः नटते. गल्ल्यावर बसते ती काजळ, पावडर आणि लालभडक ओठ करूनच. सुरुवातीला गावातल्या बायका पदराआड हसायच्या. मग त्याच हळूच विचारायला लागल्या, "कुठला नंबर हाय वो हा?" दुकान हा माझा धंदा, पण नटण्याच्या वस्तू हा माझा जीव आहे. दुकानाच्या मागच्या खोलीत एका बंद पडलेल्या मिठाईच्या दुकानाचं काचेचं कपाट मी आणून ठेवलं आहे. जिथं बर्फी आणि पेढे असायचे तिथं आता माझा संग्रह आहे. तो विकायचा नाही. त्यातल्या वस्तूंचा भाव विचारणाऱ्याला मी चहा पाजते आणि वाटेला लावते.

संग्रहाची पहिली वस्तू म्हणजे आईची फणेरपेटी. पितळेची, वीतभर लांब, झाकणाच्या आतल्या बाजूला ऐना. आत फणीची जागा, कुंकवाची डबी आणि मेणाची छोटी डबी. आताच्या पोरींना मेण कशाला ते सांगावं लागतं. टिकलीला मागं गोंद असतो, तसं कोरड्या कुंकवाला काही नसतं. म्हणून आधी कपाळावर मेण लावायचं आणि त्यावर कुंकू टेकवायचं. मग उन्हात खुरपलं, घाम आला, तरी ते हलत नाही. रोज बोटानं मेण घेतल्यामुळं डबीत मधोमध खळगा पडत जातो. प्रत्येक बाईचा खळगा वेगळा. कुणाचा पसरट, कुणाचा खोल. माझ्या आईचा अरुंद आणि थोडा डावीकडं कललेला होता, आणि त्याच्या तळाशी बोटाचा ठसा होता.

मी लहान होते तेव्हा एका सकाळी आईनं त्या पेटीतून कुंकू लावलं आणि ती रानात गेली. दुपारी वडील गेले. साप चावला होता. त्यानंतर आईनं ती पेटी फडक्यात गुंडाळून उतरंडीच्या सगळ्यात खालच्या मडक्यामागं ठेवली आणि पुन्हा कधी उघडली नाही. मी भूमच्या बाजारातलं पोतं गुंडाळून इथं दुकान टाकलं तेव्हा ती पेटी घेऊन आली. म्हणाली, "बायकांना नटवायला बसलीस, तर हे तुझ्यापाशी ऱ्हाऊ दे. पण मांडू नको गं दुकानात."

ती घरी परतल्यावर मी झाकण उघडलं. ऐना डागाळून काळा पडला होता. कुंकू विटून विटकरी झालं होतं. पण मेणात तो ठसा होता तसा होता. मोबाईलची बॅटरी तिरकी धरली की त्यातल्या बारीक रेघा दिसायच्या, उतारावरच्या रानात एकाखाली एक बांध घातलेले दिसतात तशा. वडील जिवंत असतानाची शेवटची सकाळ त्या मेणात बसून होती. मी त्यात कधी बोट घातलं नाही. एवढी मी, हातात आलेली प्रत्येक वस्तू वाजवून, खरवडून, दाताखाली धरून बघणारी बाई, पण त्या खळग्यापुढं माझा हात आपोआप मागं यायचा.

आईबद्दल अजून एक सांगायला हवं, नाहीतर ती बिचारी होती असं वाटेल. ती दुपारची दुकानात येऊन बसायची. टिकल्यांकडं, बांगड्यांकडं बघायची नाही. एके दिवशी कोल्ड क्रीमची बाटली उघडून वास घेत म्हणाली, "ह्याला कुणी न्हाय म्हणलंय का?"

"कुणी म्हंजे?"

"ज्यांनी बाकीचं न्हाय म्हणलं त्यांनी."

मी विचार केला. कुंकू नाही, बांगडी नाही, फूल नाही, मेंदी नाही. कोल्ड क्रीमचं नाव कुठल्याच जुन्या मनाईत नव्हतं. ज्यांनी मनाई केली त्यांना ते माहीतच नव्हतं.

"न्हाय म्हणलं कुणी," मी म्हणाले.

"मग दे हिकडं."

तेव्हापासून मरेपर्यंत माझी आई रोज क्रीम लावायची. हात, कोपरं, मान. शेजारणींना म्हणायची, "औषध हाय." घासाघीस मी कुणाकडून शिकले ते यावरून कळेल.

त्या पेटीपायी मला वेड लागलं. ज्या घरात माल द्यायला जाईन तिथं विचारायचं, जुनी डबी आहे का, जुना ऐना आहे का. बायकांना नवी लिपस्टिक हवी असायची, मला त्यांच्या सासूची सुरमादाणी. परंड्याच्या एका खालांनी पेटीच्या तळातून कासवाच्या आकाराची सुरमादाणी काढून माझ्या हातावर ठेवली. म्हणाल्या, "लेको जा बेटी. हमारे बहुवां को ये नक्को. उनो पेन्सिल से काजल लगाते." त्यांच्याकडून मिस्सीची डबीही मिळाली. त्यांच्या आजीच्या काळी दात काळे करणं हे नटणं होतं. पांढरेशुभ्र दात म्हणजे नुसते दात. मी ती डबी हातात धरून कितीतरी वेळ बसले. आज मी जे दात पांढरे करायचं सामान विकते ते बघून त्या आजीबाई काय म्हणाल्या असत्या?

भंगारवाल्याशी माझी ठरलेली भांडणं असायची. तो म्हणायचा, "बाई, पितळंचा भाव धरा." मी म्हणायचे, "ह्यात पितळ किती आन् गंज किती, ते आधी सांग." असं करून गंधाच्या लांबट बाटल्या आल्या, टोपणाला काडी असलेल्या. स्नोच्या जाड काचेच्या बरण्या आल्या. झाकणावर बाईचं चित्र असलेले पावडरीचे पत्र्याचे डबे आले. एका घरातून आख्खा ऐना उचलून आणला, कारण त्याच्या कडेनं तिथल्या सुनेनं वर्षानुवर्षं रात्री काढून चिकटवलेल्या टिकल्या होत्या. मोठ्या, मग मध्यम, मग बारीक. फॅशन कशी कशी बदलली ते त्या ऐन्याच्या कडेवर लिहिलेलं आहे.

मग मी वाचायला लागले, ऐकायला लागले. मोबाईलवर, पोरींच्या पुस्तकांत, जिथं सापडेल तिथं. आपल्याकडं आळत्याचा लाल रंग लाखेच्या किड्यापासून यायचा, आणि तिकडं समुद्रापलीकडं निवडुंगावरच्या किड्यापासून ओठांचा लाल रंग काढायचे. एकमेकींचं तोंड न पाहिलेल्या बायकांना लाल रंग किड्यातच सापडावा! मिसर देशात बायकाच नाही तर पुरुषही डोळ्यांत काजळ घालत. युरोपातल्या मोठ्या घरच्या बाया शिशाची पांढरी भुकटी तोंडाला फासून गोऱ्या व्हायच्या आणि त्या विषानं कातडी गेली की अजून जाड थर द्यायच्या. हे वाचल्यावर मी दुकानातल्या गोरं करणाऱ्या क्रीमच्या खोक्यांकडं संशयानं बघितलं आणि त्यातली ज्यांच्यावर आत काय आहे ते लिहिलेलं नव्हतं ती सगळी व्यापाऱ्याच्या अंगावर परत टाकली.

आणि तेर. जिल्ह्यातच आहे, पण मी तिथं गेले ते वय झाल्यावर. तिथं जमिनीतून निघालेल्या वस्तू काचेत मांडल्या आहेत. मातीच्या छोट्या छोट्या बाया. त्यांच्या केसांची रचना बघून माझे पाय थांबले. एवढा अंबाडा, त्यावर गुंफलेली माळ, कानात एवढालं काहीतरी. दोन हजार वर्षांपूर्वीची म्हणे. ही बाई इथं, आपल्याच काळ्या रानात, सकाळी उठून केस विंचरत बसली असेल. सासू हाक मारत असेल. ती म्हणत असेल, आले, थांबा जरा. मला त्या काचेपुढून हलवेना. शेजारच्या माणसानं विचारलं, "मावशी, काय झालं?" मी म्हणाले, "काही न्हाय. गिऱ्हाईक भेटलं."

त्या दिवशी घरी येऊन मी आईची पेटी उघडली. तेरच्या बाईचं सगळं राहिलं होतं, बोट राहिलं नव्हतं. माझ्याकडं बोट होतं.

आता भावाकडं येते. भाऊ धाकटा. ईट गावाला राहतो, शेती बघतो, गावात त्याला मान आहे. त्याच्या पोरीचं लग्न ठरलं. पोरगी पुण्यात नोकरीला. तिनं फोनवर बघितलं होतं की हल्ली नवऱ्या मुली आजीच्या जुन्या पेटीबरोबर फोटो काढतात. भाऊ दुकानात आला. चहा घेतला, इकडचं तिकडचं बोलला. मी ओळखलं की काहीतरी मागायला आलाय.

"आक्का, आईची पेटी पायजे होती. लग्नापुरती."

"न्हाय."

"पोरगी लई हट्ट करतीया."

"तिला नवी घेऊन देते. त्याहून भारी."

"तिला आजीचीच पायजे. आजीची नात हाय ती, तेवढा हक न्हाय का तिचा?"

हक्काचा शब्द काढल्यावर माझा हात जरा ढिला पडला. तरी अट घातली. "आतल्या मेणाला हात लागता कामा न्हाय. घासायचं न्हाय, पुसायचं न्हाय. जशी हाय तशी नेणार, जशी हाय तशी आणणार."

"जशी हाय तशी," तो म्हणाला. माझ्या हातावर हात ठेवून म्हणाला.

इथं एका शब्दाबद्दल सांगते. माझ्या धंद्यात बांगडी फुटत नाही, वाढते. गिऱ्हाइकाच्या हातात काच तडकली तरी मी "वाढली" असंच म्हणते. कुंकू संपत नाही, वाढतं. मंगळसूत्राचा दोरा तुटला तरी ते वाढलं. कारण फुटणं हा शब्द बाईच्या आयुष्यातल्या एकाच दिवसासाठी राखून ठेवलेला आहे. आईच्या बांगड्या त्या दिवशी फुटल्या. मी दाराआडून आवाज ऐकला होता.

लग्नाच्या आधी भावजयीचा फोन आला. दुकानात टेम्पोवाला उभा होता, त्याच्याशी माझी हुज्जत चालली होती. भावजय म्हणाली, "आक्का, पेटीतलं मेण वाढवलंय बरं का. काळजी करू नका."

दिवसातून शंभरदा मी तो शब्द वापरते, आणि नेमका त्या वेळी मला त्याचा दुसरा अर्थ ऐकू आला. मला वाटलं, मेण कमी दिसलं म्हणून हिनं वरून भर घातली.

"अगं वाढवू नको म्हणलं ना! हाय तेवढंच ऱ्हाऊ दे. बाजारचं मेण कालवशील त्यात!"

"बाजारचं कशाला कालवू आक्का? काय पण बोलता."

"नाही ना कालवलं?"

"थेंब न्हाय."

"मग बरं," मी म्हणाले आणि फोन ठेवला. दोघींचंही समाधान झालं.

लग्न भूमच्या मंगल कार्यालयात होतं. मी सकाळीच पोचले आणि थेट नवरीच्या खोलीत शिरले, कारण बार्शीहून मेकअप करणारी पोरगी आली होती आणि मला तिचं सामान बघायचं होतं. चाकांची पेटी. कळ दाबली की पायरीपायरीनं खण उघडतात, झाकणाला ऐना, ऐन्याभोवती दिवे. आत रंगांच्या ताटल्या, मातीच्या, तांब्याच्या, मोरपिसाच्या रंगाच्या. ब्रश तर लहानथोर कुटुंबासारखे ओळीनं झोपलेले. मी बघतच राहिले. झाकणात ऐना, आत खण, प्रत्येक रंगाला आपली जागा. ही फणेरपेटीच होती की! वाढून एवढी झालेली. मी त्या पोरीला म्हणाले, "थांब, तुला हिची पणजी दाखवते," आणि टेबलावर आईची पेटी शोधली.

ती झेंडूच्या फुलांत ठेवलेली होती आणि सोन्यासारखी चमकत होती.

मी झाकण उघडलं. नवा ऐना. नवं लालभडक कुंकू. मेणाची डबी धुतलेली, आतून लखलखीत. तिच्या तळात मला माझंच तोंड दिसलं, लालभडक ओठांसकट.

"मेण कुठाय?"

भावजय हार ओवत होती. "वाढवलं की आक्का. फोनवर सांगितलं न्हवं?"

"वाढवलं म्हंजे?"

"ऊन पाण्यात डबी धरली, आपोआप सुटलं. तुळशीत वाढवलं. गटारात न्हाय टाकलं, आईची शपथ. मग चिंच लावून घासली. बघा की कशी दिसतीया."

"कुणाला इचारून?"

तिनं दाराकडं बघितलं. भाऊ फेटा बांधून उभा होता. "आक्का, हळू. व्याही बसल्यात भाईर."

"बसू दे. तुला काय सांगितलं होतं मी?"

"अगं, शुभकार्य हाय. पोरीच्या कपाळाला लागायचं. त्यात तसल्या…" तो थांबला.

"तसल्या म्हंजे कसल्या?"

तो फेटा सावरायला लागला. मेकअपवाली पोरगी ब्रश हवेत धरून तशीच उभी. नवरी ऐन्यातून माझ्याकडं बघत म्हणाली, "आत्या, मला खरंच माहीत नव्हतं गं." तिच्या कपाळावर चंद्रकोरीची टिकली होती, मागं गोंद लावलेली. त्या पेटीतलं कुंकू कुणी लावलंच नाही. नवरीनं पेटी हातात धरली, फोटो निघाला, पेटी बाजूला ठेवली. बस्स.

मी त्या पोरीच्या डोक्यावर हात ठेवला, अक्षता टाकल्या, न जेवता पेटी पिशवीत घातली आणि एसटी पकडली. भांडण मला कधी कमी पडलेलं नाही, पण त्या दिवशी मी न भांडता निघाले. भाव करताना असं होतं कधी कधी, समोरचा इतकं खालचं काही बोलतो की आपला आकडाच विसरतो.

आणि मग गाडीत, येरमाळ्याच्या जवळ, मला बोलायचं ते सापडलं. मी एकदम ताठ बसले. शेजारची बाई दचकली.

त्यानंतर काही दिवसांनी भावजय एकटीच दुकानात आली. पिशवीतून स्टीलची डबी काढली. तिनं तुळशीतली माती उकरून मेणाचे कण वेचून आणले होते. पिवळट, मातीनं माखलेले, एकाला तुळशीचं मूळ चिकटलेलं. "आक्का, हे तेवढं घ्या," ती म्हणाली. "मला न्हाय कळलं. मी आपली ह्यांची आज्ञा पाळली. आन् शब्द तर मी नीटच वापरला होता."

"शब्द नीट होता," मी म्हणाले. "काम फोडायचं होतं, आणि शब्द वाढवायचा." मग गाडीत जे सापडलं होतं ते मी तिला सांगितलं. ती स्टुलावर बसली. "हे माझ्या ध्यानातच आलं न्हाय वो," म्हणाली. "ह्यांच्या बी न्हाय आलं. तुमी ह्यांनाच इचारा." जाताना मी तिला एक कोल्ड क्रीम दिलं. तिच्याशी माझं भांडण नाही.

ते कण मी डबीत ठेवले आहेत. मेण तेच आहे. हातावर धरलं तर मऊ होतं. पण ऊन पाण्यात एकदा वितळलेलं मेण आधीचं काही लक्षात ठेवत नाही. आता त्यात ठसा आहे तो मातीचा. कपाटात पेटीशेजारी तेरच्या मातीच्या बाईचा एक लहानसा फोटो मी लावला आहे. दोन हजार वर्षं त्या बाईला जमिनीनं सांभाळलं. माझ्या आईला तिच्या पोटच्या पोरानं लग्नाच्या तयारीत घासून काढलं.

भाऊ मात्र आलेला नाही. या रस्त्यानं मोटरसायकलवरून जातो, दुकान आलं की नजर सरळ पुढं ठेवतो. निरोप पाठवतो, की आक्काला म्हणावं एवढं काय मनाला लावून घ्यायचं, नवी मेणाची डबी भरून देतो.

तर हे वाचणाऱ्यांपैकी कुणी त्याला ओळखत असेल, त्यानं हे त्याला वाचून दाखवावं. गाडीत मला जे सापडलं ते असं. आईनं ती पेटी शेवटची उघडली त्या सकाळी वडील जिवंत होते. तो ठसा तेव्हाचा होता. त्यानंतर तिनं त्या मेणाला बोट लावलं नाही. म्हणजे विधवेचं काही शुभकार्यात चालत नाही ही तुझी रीत मी तुझ्याकडून जशीच्या तशी घेतली, एका शब्दाचीही घासाघीस केली नाही, तरी त्या मेणात होती ती कपाळभर कुंकू लावलेली सवाष्ण बाई. तुझ्याच मापानं तिचा मान पहिला होता. मग चिंच लावून तू कुणाला पुसलंस? आणि ते बोट तसलं, तर त्याच बोटानं तिनं तुझ्या जावळाच्या दिवशी तुझ्या कपाळाला लावलेलं कुंकू तू कुठं धुतलंस?

डबी भरून नको. दुकान सकाळपासून उघडं असतं. भर गिऱ्हाइकांत ये, माझ्यासमोर उभा राहा, आणि उत्तर दे.